तारामावशीची जोडणी

तिचं नाव तारा नव्हतंच. गळ्यात कायम एखादी वायर लोंबत असायची, म्हणून ॲम्ब्युलन्सच्या फोनखोलीतल्या मंडळींनी तिची तारामावशी करून टाकली. पुढेपुढे तिचा नवराही फोन लावून "तारामावशी आहेत का?" असं विचारू लागला. कोणती गाडी कुठे धावतेय, कोणती मोकळी आहे, हे सगळं ज्या सर्व्हरवर चालायचं, तो तिच्या ताब्यात होता. त्याच्यावरची धूळसुद्धा ती दुसऱ्या कुणाला पुसू देत नसे.

मग तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, बोलणं सावरलं. हात मात्र हट्टाला पेटला. मूठ वळायची, पण मुठीत जोर नाही. घरचे म्हणाले, आता पुरे. "हात रुसलाय, डोकं जाग्यावर आहे," असं म्हणून ती कामावर हजर झाली.

त्याच आठवड्यात भरदुपारी वीज गेली. वीज गेली की सर्व्हरला तगवून धरणारा जुना यूपीएस कधीचा म्हातारा झालेला. त्याने एक शिट्टी मारली आणि मान टाकली. टेबलांवरचे कॉम्प्युटर आपापल्या छोट्या बॅटरीवर तग धरून होते, पण सर्व्हरच नाही म्हटल्यावर ते दाखवणार काय? तारामावशीची नणंद तिथेच फोन घ्यायची. नेमका तेव्हा तिच्या कानात एक माणूस रडत होता, बायको जिन्यावरून पडली म्हणून. टाइप केलेला अर्धा पत्ता गेला. तिने तो पुन्हा विचारून तळहातावर लिहिला आणि एकेका ड्रायव्हरला मोबाइल लावत सुटली. गाडी उशिरा का होईना पोचली, बाई वाचली. नंतर नणंद तारामावशीकडे आली.

"वहिनी, गाडी निघाली का, एवढंच विचारत होता हो तो. आणि मला माहीतच नव्हतं."

नव्या यूपीएससाठी तारामावशीने फोनखोलीच्या साहेबांचा असा पिच्छा पुरवला की पंधरवड्याच्या आत तो दारात आला.

आला खरा, पण त्याच्या पाठीवरचे सॉकेट अरुंद, खोलगट, आणि सर्व्हरच्या वायरी जाड तीन पिनांच्या. "या दोघांची पत्रिकाच जुळत नाही," नणंद म्हणाली. यूपीएस घेऊन आलेल्या माणसाने अडॉप्टर केबल पुढच्या महिन्यात आणतो म्हणून सांगितलं आणि काढता पाय घेतला.

"तोवर देव पाण्यात घालून बसायचं," साहेब म्हणाले.

"वीज थांबणार आहे का पुढच्या महिन्यापर्यंत?" तारामावशीने पर्स उचलली आणि बाजारातून दोन अडॉप्टर केबली घेऊन आली.

"सर्व्हर बंद करावा लागेल ना पण?"

"कशाला? याला विजेची दोन तोंडं आहेत, साहेब. एक तोंड जेवत असताना दुसऱ्याचं ताट बदलायचं."

रॅकच्या मागे जेमतेम एक माणूस शिरेल एवढी जागा. नणंदेने टॉर्च धरला. तारामावशीने डावा हात आत घातला, पण भिंतीच्या विजेवर लावलेली पिन हलेना.

"मी ओढू का?"

"थांबा, वन्सं." तिने उजवा तळहात सॉकेटच्या पट्टीवर ठेवला, खांद्याने वरून रेटा दिला आणि डाव्या हाताने ओढलं. पिन निघाली. मध्ये अडॉप्टर घालून तिने ती वायर यूपीएसला जोडली. सर्व्हरचा लाल झालेला दिवा पुन्हा हिरवा झाला.

नणंद टाळी वाजवणार, तोच तारामावशीने अडॉप्टर केबल बोटांनी चाचपली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. केबल गरम लागत होती.

"कोमटच तर आहे, चालेल की," साहेब म्हणाले.

"आत्ता अर्धा भार आहे. सगळा पडला की पोळेल." तिने वायर काढून पुन्हा भिंतीला लावली. सगळी मेहनत पाण्यात. साहेबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला बाजारात न्यायला स्कूटर काढली.

दुकानदार म्हणाला, "मावशी, सगळ्या केबली सारख्याच."

"सारख्या, तर ही करंगळीएवढी जाड का? हीच द्या. दोन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही वायरी नव्या अडॉप्टरमधून जोडून झाल्या. बराच वेळ गेला तरी केबली गार होत्या. आता तिने खोलीच्या मुख्य स्विचकडे बोट दाखवलं.

"नीट चालू आहे ना? मग कशाला विषाची परीक्षा?" साहेबांना घाम फुटला.

"आज आपण घेऊ. नाहीतर एक दिवस वीज घेईल, न सांगता."

नणंदेने कागद-पेन जवळ ओढलं, ड्रायव्हरांचे नंबर समोर ठेवले. तारामावशीने स्विच पाडला. ट्यूबलाइट विझल्या, पंखे मंदावले, यूपीएस टिकटिकू लागला. तेवढ्यात फोन वाजला.

"पत्ता सांगा, बाबा... हो... दुसरा मजला..." नणंदेची बोटं चालत राहिली. पडद्यावर नकाशा जागा होता. त्यातला एक ठिपका हलला. "निघाली गाडी. दारात कुणालातरी उभं करा."

तारामावशी रॅकला टेकून खाली बसली. हात ठणकत होता. साहेब तिच्यासाठी पाणी आणायला धावले.

"वन्सं," ती म्हणाली, "मी रजेवर असले तर हे कोण करणार?"

"अगंबाई! मला नाही हो जमायचं."

"मलाही कुठे जमत होतं? फोन कुणाच्यातरी हाती द्या आणि या इकडे."

नणंदेने कानावरचा हेडफोन शेजारच्या खुर्चीतल्या बाईला दिला, पदर खोचला आणि तारामावशीशेजारी फरशीवर बसकण मारली.