मॅच रात्रीवर गेली
नाक्यावर कोळशावर कोंबडी भाजायला लागले की मला नव्वदच्या दशकातली टेक्सासमधली ती संध्याकाळ आठवते. मुलाचं घर कॉलेजच्या फुटबॉल मैदानाला लागूनच होतं. घरच्या मैदानावरची मॅच एरवी दुपारी उरकायची, म्हणून आम्ही गणपती संध्याकाळी बोळवायचा ठरवला. पण टीव्हीवाल्यांनी मॅच रात्रीवर ढकलली आणि मॅचला आलेले लोक सकाळपासून रस्त्यावर मांस भाजत, बियर ढोसत बसले. मुलगा म्हणाला, "बाबा, फेटा काढा. केशरी रंग समोरच्या टीमचा आहे, हे सगळे ड्रंक आहेत." मी म्हणालो, "देवाला बोडक्यानं नेऊ होय?" गाडीपाशी पोचायच्या आतच एका धिप्पाड गड्यानं फेटा ओढला. माझ्या हातात मूर्ती, म्हणून मुलगा मध्ये पडला, तर त्याच्या तोंडावर असा ठोसा बसला की रक्ताची धार लागली. मी मूर्ती सुनेकडे दिली, गड्याची कंबर धरली आणि गावच्या कुस्तीच्या फडात पाडायचो तसं त्याला डांबरावर आपटलं. हाड मोडल्याचं ऐकू आलं. "बास, बाबा, मरेल तो," मुलगा नाक दाबून ओरडत होता. मी काही छातीवरून उठलो नाही. पोलिसांनीच ओढून काढलं. मुलाचं नाक अजून वाकडं आहे. पुन्हा त्यानं मला तिकडं बोलावलं नाही, आणि येऊ का म्हणून मीही विचारलं नाही.