बिनटोकाची नळी

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. मी पुण्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होतो. सुट्टीत कर्जतकडच्या आमच्या गावी येताना हाडं मोजायचा लोखंडी कॅलिपर मुद्दाम पिशवीत घालून आणला होता, चार लोकांनी हे काय म्हणून विचारावं एवढ्यासाठी. कुणी ढुंकून पाहिलं नाही. विचारलं ते एकदम पाटलांनी, आणि तेही नको त्या कामासाठी.

आमच्या शेजारी कापूस पिंजणारे चाचा राहत. गावाची पिकं राखायची बंदूक त्यांच्याकडे असे. गावाचं ठरलेलं होतं: पिकात शिरलेला काळवीट मारायचा, हरणीला हात लावायचा नाही. हे मोडलं तर बंदूक चावडीवर जमा. चाचांनी ज्वारीत एक जनावर पाडलं, तर गुराख्यानं लांबून तांबूस अंग पाहून हरणी मारल्याची बोंब ठोकली. चाचा म्हणत, नरच होता, कोवळा, वीतभर शिंगांचा, अजून काळा पडला नव्हता. पण डोकं कुत्र्यांनी पळवलेलं आणि मटण घरोघर वाटून संपलेलं. पुढच्या पायांच्या दोन नळ्या तेवढ्या उरल्या होत्या, कारण चाचा असल्या नळ्यांपासून सुरीच्या मुठी करत.

"मास्तर, तुमी शिकल्यालं. हाडावरनं सांगा, नर का मादी," पाटील म्हणाले.

मी फुगलो. नराची नळी लांब नि जाड, मादीची आखूड नि बारीक. कॉलेजातल्या मापांची वही जवळच होती. चाचांनी एक नळी आणून दिली. शिकलेल्या माणसाच्या हातात द्यायची म्हणून कानशीनं टोकं घासून अगदी गुळगुळीत केलेली. लांबी मादीपेक्षाही कमी भरली, जाडी मादीइतकी. सगळ्यांदेखत मी सांगून टाकलं, "मादी."

चाचा बंदूक आणायला घरी निघाले. शास्त्र ते शास्त्र, असं मनाशी घोकत मीही त्यांच्या मागून गेलो.

घरी चाची दुसरी नळी राखेच्या पाण्यात उकळत होत्या. त्यांनी ती सांडशीनं उचलली, तशी तिचं एक टोक सुटून भांड्यात पडलं.

"हिचं बी सुटलं," चाची म्हणाल्या. "पयलीचं बी असंच सुटलं हुतं. मंग ह्यांनी घासून नीट केली."

पूर्ण वाढलेल्या जनावराच्या नळीचं टोक असं सुटत नाही, ते हाडाशी एकजीव झालेलं असतं. म्हणजे जनावर कोवळंच होतं. मी टोक गेलेली नळी मोजली होती, आणि वर ती थोराड मादीशी ताडून पाहिली होती. वाढ बाकी असतानाच जी नळी थोराड मादीइतकी जाड भरते, ती मादीची कशी असेल?

चाचांनी बंदूक घेतली होतीच; नळी नि सुटलेलं टोक घेऊन मी त्यांना हाताला धरून चावडीवर परत नेलं आणि चुकलो म्हणून सांगितलं, कसं तेही. पाटलांनी ते टोक नळीवर दोन-तीनदा बसवून काढून पाहिलं. मग म्हणाले, "चाचा, बंदूक घरी न्या."

माझा जीव भांड्यात पडला. रडू यायचंच काय ते बाकी होतं. वाटेत मी सारखा बोलत होतो. घराजवळ आल्यावर चाचा म्हणाले, "म्या त्याला जवळनं बघितलं हुतं, बेटा. मोजायच्या आदी मला एक डाव इचारायचं तरी."

बंदूक दारापर्यंत मी नेतो, एवढंच म्हणालो. त्यांनी ती माझ्या हातात दिली.