खुराड्यापाशी

सासूबाई गेल्या आणि आमच्या घरात मालवणी बोलणारं दुसरं माणूस उरलं नाही. माझ्या सासऱ्यांशी, म्हणजे बाबांशी, मालवणीत बोलायच्या त्या एकट्याच. नवऱ्याला ती कळते, पण तो जोगेश्वरीतच वाढला, त्याच्या तोंडात कधी बसली नाही. मी मुलुंडची, माझा तर प्रश्नच नव्हता. बाबा आमच्याशी नेहमी साधं मराठी बोलायचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बरीच वर्षं वॉचमनची नोकरी केली होती. तिथल्या साहेबलोकांशी बोलताना जपून बोलायची सवय लागली असावी. तसंच ते घरीही बोलायचे. सासूबाई गेल्यावर ते बोलणंही 'हो', 'नको' आणि 'जेवलीस का'वर आलं.

आमची जागा तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीमागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत थोडी मोकळी माती आहे, तिथे एक शेवगा. एके सकाळी बाबा कुणाला न सांगता बाहेर पडले. दुपारी मानखुर्दहून परत आले ते एक करंडी घेऊन. आत चार तलंगा. म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. तीन लालसर, एक काळी.

"बाबा, इथे? सोसायटीवाले बोलतील ना," मी म्हटलं.

"बोलू देत," ते म्हणाले आणि जुन्या कपाटाची दारं काढून खुराडं करायला बसले.

वरच्या मजल्यावरच्या काकू बोलल्याच. "वास येतो हो. उद्या साप येतील." आठवडाभर कुरकुर केली. मग हळूहळू उरलेला भात बाल्कनीतून खाली टाकायला लागल्या. खाली कोंबड्यांची धावाधाव झाली की त्यांना हसू यायचं.

मी घरूनच काम करते. लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर असतो, खिडकीशी. त्यामुळे मला ऐकू यायला लागलं. पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी आलंय. डोकावले तर बाबा उकिडवे बसून कोंबड्यांशी बोलत होते. मालवणीत.

"खा गो, खा. लाजतंस कित्याक?"

मग रोजच. दाणे टाकताना, पाणी बदलताना. एके दिवशी मी केलेली भाकरी करपली होती, ते मला काही बोलले नव्हते. खिडकीखाली मात्र सांगत होते, "आज भाकरी करपली गो. खाल्लंय गपचूप." मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी गुडघा. "गुडघो दुखता. सांगूचा कोणाक?" मी गुपचूप मलम आणून त्यांच्या उशाशी ठेवलं. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

एकदा काळीला मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "तिचो चेहरो दिसता. पण आवाज आठवणा नाय."

मी मीटिंगमध्ये होते. माझं नाव दोनदा घेतलं गेलं तरी मला कळलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढत होता. एक बूट हातात धरून तसाच बसला. मग म्हणाला, "बोलू दे ना गं. आपल्याशी तर बोलत नाहीत."

मी प्रयत्न केला. मोबाइलवर मालवणी व्हिडिओ लावून दोनचार शब्द पाठ केले. जेवताना विचारलं, "बाबा, पाणी व्हया?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा ओशाळल्यासारखं, आणि म्हणाले, "हो. दे." परत काही मी तो प्रयोग केला नाही. पण त्यांचं बोलणं सुरू झालं की माझ्याही नकळत माझे हात कीबोर्डवर थांबायचे.

काळी आधी अंड्यावर आली. पहिलं अंडं त्यांनी माझ्या हातात दिलं, अजून गरम होतं. मी उकडून त्यांनाच दिलं, तर अर्धं कापून माझ्या ताटात ठेवलं.

पावसाळा सरता सरता एक लाल कोंबडी कोपऱ्यात पिसं फुलवून बसली. दाण्याला तोंड लावेना. दुसऱ्या दिवशी तिची मान वाकडी झाली, पिळल्यासारखी, आणि ती एकाच जागी गोल फिरायला लागली. बाबा बघूनच खाली बसले. "मानमोडी," म्हणाले. "आमच्या गावची खुराडी रिकामी झालेली पाहिल्येत मी."

मी नाक्यावरच्या कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते भले होते, त्यांनी नीट सांगितलं. लस आधीच द्यायची असते. आता औषध नाही. मेलेलं पाखरू खोल पुरा, वर चुना टाका, बाकीच्या वेगळ्या ठेवा.

वेगळ्या ठेवायला जागा कुठे होती? तरी काळीला आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून स्वयंपाकघरात आणलं. बाहेरच्या तिघी पाठोपाठ गेल्या. शेवग्याच्या बुंध्याशी नवऱ्याने खड्डे खणले. बाबांनी प्रत्येकीला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या हाताने आत ठेवलं.

काळी काही दिवस बरी राहिली. आम्हाला वाटलं, वाचली. बाबा ड्रॉपरने तिला गुळाचं पाणी पाजायचे. ते आंघोळीला गेले की मी पाजायचे. मग एका सकाळी तिच्या मानेलाही तसाच पीळ पडला. दुपारी बाबांना डुलकी लागली होती, ती माझ्यासमोरच गेली. पंख दोनदा आपटले आणि थांबले. मी खोक्याशेजारी फरशीवर बसून राहिले. त्यांना उठवून सांगायचं कसं, हे मला सुचेना. ते स्वतःच उठून आले. त्यांनी पाहिलं आणि मला म्हणाले, "तू जेवून घे."

मग थोड्या दिवसांनी मी विचारलं, "बाबा, उन्हाळ्यात परत आणू या? या वेळी लस देऊन घेऊ."

"नको. रोग मातीत राहतो."

"माती बदलून घेऊ."

"नको म्हटलं ना." आवाज चढला नव्हता.

दिवाळीच्या साफसफाईत खुराडं भंगारवाल्याने नेलं. नवऱ्याने मागे लाद्या बसवून घेतल्या. आता तिथे कपडे वाळतात. बाबा मागे फिरकत नाहीत. दिवसभर पुढच्या दारात खुर्ची टाकून बसतात. तिथून वळणाऱ्या रिक्षा दिसतात. टीव्ही आत मोठ्याने चालू असतो. तो ते बघत नाहीत, पण बंद केला तर कळतं त्यांना.

परवा वरच्या काकू भाजी घेऊन येताना दारात थांबल्या. दोन-तीन महिने त्या लेकीकडे होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं.

"काका, कोंबड्या दिसत नाहीत हो तुमच्या?"

मी आत कणीक मळत होते. बाबा लगेच म्हणाले, "विकल्या."

"अरेच्चा! सगळ्या?"

"हो. चांगलं गिऱ्हाईक मिळालं."

काकूंनी आत वाकून माझ्याकडे पाहिलं. "खरंच का गं?"

बाबांनी मान वळवली नाही. ते रस्त्याकडेच बघत होते.

"हो काकू," मी म्हटलं. "विकल्या."

"बरं केलंत. वास तरी गेला," असं म्हणून काकू जिना चढून गेल्या.