आया असलेली अनाथ मुलं

गिरण्यांचा संप सुरू होऊन तीन वर्षं उलटली होती. गिरणीने माझ्या वडिलांना परत घेतलं नव्हतं, आणि माफीच्या कागदावर सही करायला तेही गेले नव्हते. साच्यावर कापड विणण्यात अर्धं आयुष्य काढलेला माणूस माटुंग्याच्या एका सोसायटीत वॉचमन झाला होता. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. परळच्या आमच्या चाळीत ख्रिस्ती घर आमचं एकच, आजोबा नगरकडून आले तेव्हापासूनचं. नाताळात आमच्या करंज्या सगळ्या मजल्यावर जायच्या आणि गणपतीत मी शेजारी आरतीला टाळ वाजवायचे. त्याबद्दल घरी कोणी काही बोलत नसे. रविवारची उपासना चुकवलेली मात्र वडिलांना खपत नसे.

चर्चचं एक बालगृह शिवडीच्या बाजूला, गोदामांच्या मागे होतं. शनिवार-रविवार मी तिथे मुलींसाठी जायचे. उवा काढणं, बाराखडी गिरवून घेणं, रविवारच्या शब्बाथशाळेची गाणी बसवणं, पडेल ते काम. कोणी बोलावलं नव्हतं. प्रभूचं काम म्हणून मी आपण होऊन जायला लागले होते.

बाहेरच्या पाटीवर ‘अनाथ’ असा शब्द होता. पूर्वी तो खराही असेल. संपानंतर आलेल्या मुलींपैकी बहुतेकींना आया होत्या. बाप कोणाचा गावी निघून गेलेला, कोणाचा दारूत बुडालेला, कोणाचा घरातच भिंतीकडे तोंड करून बसलेला. पोरीला दोन वेळचं घालता येईना म्हणून आया इथे आणून सोडायच्या. त्यांत कोकणातल्या हिंदू बाया होत्या, आमच्या मागच्या चाळीतल्या बौद्ध बाया होत्या. त्यांना आत यायची परवानगी नव्हती. रविवारी दुपारी त्या फाटकाबाहेर उभ्या राहून गजांतून उकडलेल्या शेंगा द्यायच्या, वेण्या घालायच्या. गजांतून वेणी घालता येते. मुलीने पाठ टेकून उभं राहायचं आणि हलायचं नाही.

एके दिवशी बालगृहाच्या सुपरिटेंडेंटसाहेबांनी आम्हा कामाला येणाऱ्यांना बोलावलं. ते चर्चचे पंच, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी होते, शाळेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. म्हणाले, परदेशातल्या एका चर्चचे दहा तरुण दोन आठवड्यांसाठी येणार आहेत. मुलींबरोबर राहतील, भिंती रंगवतील, गाणी शिकवतील. माझं इंग्रजी बरं, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे.

“आणि ते असेपर्यंत आयांनी फाटकाशी यायचं नाही,” ते म्हणाले.

“का?”

“पाहुण्यांचा उगाच गोंधळ होईल.”

तेव्हा मी गप्प बसले. ते अजूनही मला खुपतं.

पाहुणे आले. मनाने चांगली माणसं होती, हे मी आजही सांगेन. उन्हात टोप्या घालून भिंती घासायची, डाळभात हाताने जेवायची, मुलींना खांद्यावर घेऊन फिरायची. त्यांतली एक माझ्याच वयाची होती. आठ वर्षांच्या एका मुलीवर तिचा फार जीव जडला. पोरगी काळीसावळी, बडबडी, समोरचे दोन दात पडलेली. तिचे आईवडील मूळचे मालवणचे. पहिल्या आठवड्याच्या शेवटी त्या पाहुणीने वही उघडली आणि मला म्हणाली, हिचे आईबाप कसे वारले ते हिला विचार. परत गेल्यावर चर्चमध्ये तिला या मुलीची गोष्ट सांगायची होती.

सुपरिटेंडेंटसाहेब शेजारीच उभे होते. मी पोरीला विचारलं, “तुझे आईबाबा कुठे आहेत गं?”

“आई धक्क्यावर कोळंबी सोलते. तिच्या हातांना वास येतो. बाबा गेले.”

“कुठे गेले?”

“गावाला.”

साहेब हळूच मराठीत म्हणाले, “गेले म्हणाली ना ती? मग गेले एवढंच सांग. खोटं काहीच नाही त्यात.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाने माझ्याकडून दहा आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या, ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही त्यांतलीच. मी पाहुणीकडे वळले आणि इंग्रजीत सांगितलं, “हिची आई जिवंत आहे. इथून पंधरा मिनिटांवर राहते. बापही जिवंत आहे, गावी आहे. इथल्या बहुतेक मुलींना आया आहेत. तुम्ही असेपर्यंत त्यांना यायची बंदी आहे.”

पाहुणीचा चेहरा उतरला. साहेबांना इंग्रजी चांगलं येत होतं. ते वळून ऑफिसात गेले.

संध्याकाळी मी त्या मुलीच्या आईकडे गेले. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती दारात बसून सुजलेल्या बोटांना तेल लावत होती. पाहुणीला मी खरं सांगितल्याचं ऐकून घेतलं आणि पोरीच्या काळजीने उसळलीच.

“तू कित्याक बोललंस? उद्या चेडवाक भायर काढल्यानी तर तेका जेवक कोण घालतला? तू?”

“मावशी, ते तुम्हाला मेलेली म्हणत होते.”

“म्हणांदेत. तेका दूध गावता ना? मगे मी मेलंय म्हणान सांग.”

पोट माझं भरलेलं होतं, भीती तिला होती. तरी मी उठले नाही. म्हटलं, “पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाहुण्यांच्या निरोपाची उपासना आहे. मुली गाणार आहेत. पोरीचं गाणं ऐकायला या. चर्चचं दार सगळ्यांना उघडं असतं, तिथे कोणी अडवू शकत नाही.”

ती पुन्हा बोटांना तेल लावू लागली. बाकीच्या आयांना बोलवायला मी आठवडाभर चाळी चढत-उतरत राहिले. लालबाग, काळाचौकी, परळ. काहींनी दार लावून घेतलं, काहींनी चहा दिला. शनिवारी वडिलांना सांगितलं.

“पाळकांना विचारलंस?” ते म्हणाले.

“नाही.”

“बरं केलंस. ते नाही म्हणाले असते.” मग धुतलेला सदरा खुंटीला अडकवत म्हणाले, “मी दाराशी उभा राहतो.”

नऊ जणी आल्या. वडील दाराशी उभे होते. चर्चच्या पायऱ्यांवर त्यांनी चपला काढल्या. आमच्यात काढत नाहीत, पण देवाच्या घरात जायचं म्हणून त्यांनी काढल्या. मी त्यांना सरळ पुढे नेलं आणि पंचांच्या बाकावर बसवलं. मुली पांढरे फ्रॉक घालून समोर रांगेत उभ्या होत्या, पहिलं कडवं चालू होतं. मालवणची ती बाई सगळ्यांत शेवटी आत आली. पोरीने तिला पाहिलं आणि गाता गाता मध्येच म्हणाली, “आई.”

मग गाणं उरलंच नाही. दोघी धावल्या, मग पाच-सहा. ज्यांचं खरंच कोणी नव्हतं त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी जाऊन त्यांच्या रांगेत उभी राहिले आणि तिथूनच पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं, “या त्यांच्या आया आहेत.”

सुपरिटेंडेंटसाहेब उठले. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी हाताने त्यांना थांबवलं, आणि गीतांच्या पुस्तकात बोट ठेवून आयांना म्हणाले, “बसा, बाया. गाणं पुरं होऊ दे.” अर्ध्या मुलींनी ते आईच्या मांडीवर बसून गायलं.

त्याच आठवड्यात पंचांची सभा झाली. चर्चची अब्रू मी वेशीवर टांगली, असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, “जे काम आईला मारल्याशिवाय होत नाही, ते माझ्या प्रभूचं नाही.” माफी मागायला सांगितलं. मागितली नाही. बालगृहात पाऊल टाकायला मला बंदी झाली.

मुलगी मात्र एकही बाहेर काढली गेली नाही. पाहुण्यांनी जायच्या आधी प्रत्येक आईचं नाव आणि पत्ता लिहून घेतला होता, आणि घरी जाऊन खरं तेच सांगितलं. त्यांच्या चर्चचं पत्र आलं. महिन्याभराने रविवारी फाटक उघडलं गेलं. आया ओट्यावर बसून वेण्या घालू लागल्या. दीड वर्षाने मालवणची ती बाई पोरीला कायमची घरी घेऊन गेली. जाताना दोघी आमच्या चाळीत आल्या. तिने मला कोळंबीचं लोणचं दिलं आणि म्हणाली, “माजां तेवा चुकलां नव्हतां हां.” चुकलं नव्हतंच. माझंही चुकलं नव्हतं.

चर्च मी सोडलं नाही. बरीच वर्षं माझ्या बाकावर कोणी बसत नसे. मी ऐसपैस बसायचे आणि मोठ्याने गायचे.

अलीकडे आमच्याच चर्चमधली तरुण मुलं दोन आठवड्यांसाठी आफ्रिकेतल्या एका अनाथाश्रमात सेवेला निघाली. जुनी कार्यकर्ती म्हणून मला चार शब्द बोलायला बोलावलं. मी त्यांना म्हटलं, जरूर जा. पण रंगाचे डबे उघडायच्या आधी विचारा, या मुलांच्या आया कुठे आहेत. पहिल्या उत्तरावर समाधान मानू नका. फाटकापर्यंत चालत जा.

एक मुलगी लिहून घेत होती. पाळक नवे आहेत, ते घड्याळाकडे बघत होते. मी माझं बोलणं पुरं केलं आणि मगच बसले.