तिसरी बादली

ताई गेली त्या सकाळी पुण्याहून आत्याचा फोन आला. आधी ती थोडं रडली, मग आवाज सावरून म्हणाली, "घरात भरून ठेवलेलं पाणी सगळं ओतून टाक हो. माठ, पिंप, बादल्या, काही ठेवू नकोस. तिला नेल्यावर नवीन भर."

मी कर्मकांडातला नाही. पण त्या दिवशी विचार करण्यापेक्षा सांगितलेलं करणं सोपं होतं. माठ ओतला, पिंप ओतलं. न्हाणीघरात तीन बादल्या होत्या. पहिल्या दोन सहज उपड्या झाल्या. तिसरी जड होती आणि तिच्यातलं पाणी पांढुरकं, दाट होतं. मोरीच्या जाळीवर सायीसारखं काहीतरी अडलं. मी नळाचे दोन तांबे ओतून ते पुढे ढकललं. हे मला लख्ख आठवतं. ते मी पाहिलं होतं. पाहूनही ओळखलं नव्हतं.

आम्ही दोघं भावंडं कोलकात्यात डमडमच्या या घरात एकत्र राहायचो. मी शाळेत इतिहास शिकवला, ताईनं रसायनशास्त्र. निवृत्तीनंतर तिला केळीच्या खुंटांचं वेड लागलं. तिची एक जुनी विद्यार्थिनी हुगळीकडच्या गावात दहा-बारा बायकांना घेऊन हातकागद करू पाहत होती. घड उतरला की तिथले लोक केळीचं झाड तोडून बांधावर टाकतात. ते कुजतं, डास होतात. "अरे, त्यात कागदच आहे," ताई म्हणायची. "आपण फक्त बाकीचं काढून टाकायचं." ते कागद होणारं म्हणजे सेल्युलोज. ते सुटं करण्याची तिची पद्धत तिच्या वहीत मराठीत लिहिलेली होती.

ताई जाऊन सतरा दिवस झाले होते. रविवारी त्या विद्यार्थिनीचा फोन आला. आमचं बोलणं बंगालीत चालतं. ताईला ती दिदिमणी, म्हणजे बाई, म्हणायची आणि मला काकू म्हणते. बंगालीत काकू म्हणजे काका, आणि ताई त्यावरून मला मनसोक्त चिडवायची.

"काकू, दिदिमणींची लगद्याची बादली न्यायला गुरुवारी येते. शुक्रवारी शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात तिथल्या लोकांसमोर कागद काढून दाखवायचाय. पसंत पडला तर आमच्या गटाला लगदा कुटायचं यंत्र मिळेल. बायकांचे खांदे गेलेत हो मुसळानं. झाकण आहे ना बादलीवर? वाळू देऊ नका."

तेव्हा कुठे मला ती जाळीवरची साय आठवली.

"आहे," मी म्हणालो. "झाकलेली आहे."

फोन ठेवल्यावर लगेच परत लावता आला असता. मी लावला नाही. गच्चीवर केळीच्या सोपटांच्या वाळक्या तुकड्यांचं अर्धं पोतं होतं आणि वही होती. चार दिवसांत मी ते करीन, कुणाला कळायचं कारण नाही, असं मी ठरवलं.

वहीत पहिल्याच पानावर दोनदा अधोरेखित केलं होतं: पाण्यात सोडा, सोड्यात पाणी नाही. सोमवारी मी ताईचे रबरी हातमोजे घातले. ते मला बोटांत आखूड पडत होते. स्टीलच्या पातेल्यात मोजून पाणी घेतलं आणि कॉस्टिक सोड्याचे दाणे चमच्याचमच्यानं सोडले. गॅस न पेटवता पातेलं तापलं. वाफ नाकात गेली तसा मी मागे सरलो आणि खोकत राहिलो. मग तुकडे घालून तीन तास उकळले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पाहत होतो. आत थांबायची हिंमत नव्हती आणि सोडून जायचीही. पाणी काढ्यासारखं काळपट झालं. ताई असती तर म्हणाली असती, बघ, बाकीचं निघालं.

मंगळवारचा दिवस धुण्यात गेला. लिटमसचा कागद निळा व्हायचा थांबेपर्यंत धुवा, असं वहीत होतं. तो थांबेना. अकराव्या पाण्याला थांबला. पाठ धरली होती. बुधवारी रंग उडवायला पेरॉक्साइड घातलं, कोमट ठेवलं, ढवळत बसलो. वही म्हणत होती, दोन तासांत दुधासारखं पांढरं. दोन तासांनी ते फिक्या चहासारखं होतं. आणखी पेरॉक्साइड घातलं. फेस आला, रंग तसाच राहिला. शेवटी मिक्सरमधून काढून मी ते त्याच बादलीत ओतलं आणि वर ताईचंच झाकण ठेवलं. माझी लबाडी मला त्या झाकणाशी जाणवली. तरी ते काढलं नाही.

गुरुवारी ती सकाळीच आली. ताईच्या फोटोला नमस्कार केला आणि सरळ न्हाणीघरात गेली. झाकण उचललं. बाही सारून कोपरापर्यंत हात घातला, चिमूटभर लगदा बोटांत चोळला.

"हे दिदिमणींचं नाही."

मी तिच्या दुसऱ्या हातातलं झाकण घेतलं.

"काकू, कुणी केलं हे?"

"मी."

मग सगळं सांगितलं: आत्याचा फोन, तीन बादल्या, जाळी. ती ओल्या हातानं ऐकत उभी होती. मला वाटलं होतं ओतून टाकल्याबद्दल ती रागावेल.

"ओतलंत ते समजू शकते," ती म्हणाली. "आमच्याकडेही त्या दिवशी कुणाला काही सुचत नाही. पण रविवारी मला सांगितलं असतंत तर माझ्या हातात चार दिवस होते. मी केलं असतं. तुम्ही माझे चार दिवस ओतलेत."

तिनं विचारलं, "धुतलं कुठल्या पाण्यानं?"

"पंपाच्या."

"त्या जमिनीतल्या पाण्यात लोखंड असतं. नळाखाली फरशी लाल झालीय, दिसत नाही? पेरॉक्साइड सगळं त्यातच फुकट जातं. दिदिमणी फिल्टरचं पाणी साठवायच्या. दोन बादल्या."

ताईनं ते वहीत लिहिलं नव्हतं, कारण तिला ते सांगायची गरजच वाटली नसेल. आणि त्या दोन बादल्याही मीच उपड्या केल्या होत्या.

"आता रंगाचं काही होणार नाही," ती म्हणाली. "ताव धरतोय का बघू. उद्या तुम्हीही चला. हे कुणी केलं ते तुम्ही तुमच्या तोंडानं सांगायचं. दिदिमणींचं म्हणून मी हे दाखवणार नाही."

शुक्रवारी टॅक्सीत बादली माझ्या गुडघ्यांमध्ये होती. केंद्रात तिनं लगदा कालवलेल्या पाण्यात जाळीची चौकट बुडवून उचलली. पहिला ताव फाटला. दुसरा एका कोपऱ्यात विरला. गावाहून आलेल्या तिघी बायका श्वास रोखून पाहत होत्या. तिसरा धरला. तपासणाऱ्या बाईंनी तो दाबून, वाळवून उजेडासमोर धरला. "पिवळा आहे. जाडीही सारखी नाही."

मी उठून सांगितलं, हे माझं काम आहे, मला ते येत नाही, आणि जिला येत होतं तिचं मी ओतून टाकलं. वर्गासमोर चाळीस वर्षं बोललो, पण त्या तीन वाक्यांत दोनदा अडखळलो. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

यंत्र मिळालं नाही. महिन्याभरानं पुन्हा दाखवा, एवढं म्हणाल्या.

बाहेर फुटपाथवर गावच्या बायकांपैकी सगळ्यात वयस्क होती ती खांदा चोळत म्हणाली, "चला, अजून एक महिना मुसळ." कुणी हसलं नाही. मी खाली पाहत होतो.

"महिनाभर मी तुमच्या गच्चीवर लगदा करणार," विद्यार्थिनी मला म्हणाली. "वही मला बंगालीत वाचून दाखवायची, शब्दन् शब्द. कशालाही हात लावायचा नाही."

"धुवायला?"

तिनं रिकामी बादली माझ्या हातात दिली. "धुवायला हात लावा. पण पाणी आधी मला दाखवायचं."