कांताबाईची वही

नेरच्या एका शाळेत कांताबाई पंधरा वर्षं खिचडी शिजवते. तांदूळ निवडताना तिच्या कानात इअरफोन असतो. आधी ती भीमगीतं ऐकायची. मग सुनेनं, दीपमालानं, एकदा गप्पांचा कार्यक्रम लावून दिला आणि कांताबाईला चटकच लागली. विचार करणारी यंत्रं, जात्यावरच्या ओव्या गोळा करत गावोगाव फिरणाऱ्या बाई, यशस्वी माणसांच्या सवयी, सगळं ती ऐके. यशस्वी माणसं पहाटे पाचला उठतात हे ऐकून तिला हसू आलं. ती तर लग्न झाल्यापासून चारला उठत होती.

तिला वाचता येत नव्हतं. वाचणारा होता तिचा नवरा उकंडा. तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये काम करून यंत्रांच्या आवाजानं त्याचे कान गेले होते. कानाचं मशीन आणलं, पण त्यात त्याला नुसती घरघरच ऐकू येई, म्हणून ते डब्यात पडलं. रोज संध्याकाळी तो विहाराच्या वाचनालयातलं पुस्तक मोठ्यानं वाची आणि ती ऐके. तिनं ऐकलेलं मात्र तिच्या पोटातच राही. ओरडून सांगितलं तर शेजाऱ्यांना कळे, उकंडाला नाही.

एके दिवशी अशाच एका कार्यक्रमात एक डॉक्टर सांगत होते की बहिऱ्या माणसाला शांततेचा त्रास नसतो. लोक त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलू लागतात, त्याचा असतो. कांताबाईचा हात तांदळात तसाच थांबला. आठवडाभरात आपण नवऱ्याला काय सांगितलं? जेवा. गॅस संपला. औषध घ्या.

घरी येऊन तिनं दीपमालाला विचारलं. दीपमाला म्हणाली, "आई, सोपं आहे. तुम्ही बोला, फोन लिहील."

कांताबाई फोनमध्ये बोलली, "आज म्या लय मजेचं आयकलं."

उकंडानं चष्मा सावरून वाचलं, "आज म्या लाईट मजुराचं आईस्क्रीम." आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

मग ती शाळेतल्या मॅडमसारखी बोलली, "आज मी एक चांगली गोष्ट ऐकली." फोननं अक्षर न् अक्षर बरोबर लिहिलं. उकंडानं ते वाचलं आणि फोन परत दिला.

"हे कोन बोलून राह्यलं?" तो म्हणाला. "तू तं अशी बोलत नाहीस."

दुसऱ्या दिवशी तो बाजारातून पाटी घेऊन आला. शिकवायचं त्यानंच ठरवलं. तो अक्षर काढी, ती मोठ्यानं म्हणे, आणि बरोबर म्हटलं का ते तो तिच्या ओठांवरून ओळखे. प, ब आणि म पाशी गाडी अडली, कारण तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. मग तिच्या तोंडासमोर तो तळहात धरू लागला. प ला हाताला जोरात वारा लागे, ब ला कमी. म ला त्यानं तिच्या गालावर बोटं टेकवली, तेव्हा गाल थरथरत होता.

"हा म," तो म्हणाला.

कांताबाई लाजली. दीपमाला पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली.

आठ महिने लागले. मग वहीच्या पहिल्या पानावर वेड्यावाकड्या अक्षरात तिनं लिहिलं: मले फोनवर मायची ओवी आयकू आली. उकंडानं ते दोनदा वाचलं. "तुही माय गात होती? मले कधी सांगतलं नाहीस," तो म्हणाला. कांताबाईनं वही ओढून घेतली. मायबद्दल लिहायला तिला तीन दिवस लागले.

आता तिसरी वही सुरू आहे. परवा उकंडा एका मोठ्या कारखानदाराचं चरित्र वाचत होता. घर सोडून तो माणूस बारा वर्षं वणवण फिरला आणि शेवटी जिंकला, असं त्यात होतं. कांताबाईनं वाचणं थांबवायला हात वर केला आणि लिहिलं: त्या बारा वर्सात त्याची बायको काय करत होती?

उकंडानं पानं मागं-पुढं चाळली. बराच वेळ चाळली.

"दोनच ओळी हायेत," तो म्हणाला.

वाचा, तिनं लिहिलं.

त्यानं वाचल्या. ती पुढं सरकून बसली आणि म्हणाली, "आनखी एक डाव." त्यानं तिच्या ओठांकडं पाहिलं आणि त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.