मोठेबाबांचा लाकडी रस्ता

“चला, समुद्राच्या गोष्टीतून सुटलो आता,” मागच्या सतरंजीवर कुणीतरी हळूच म्हणालं, आणि दोघंतिघं तोंडावर रुमाल धरून हसले. मोठेबाबा गेल्यानंतरचा, त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, विहारात त्रिशरण-पंचशील नुकतंच झालं होतं. आता ज्याला वाटेल त्याने उठून त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलायचे होते. मी ओठ दाबून बसले होते... कारण मलाही हसू आलं होतं. त्याला आता काही आठवडे झाले, तरी ते आठवलं की मान खाली जाते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. नागपूरकडून येऊन रायपूरला रेल्वेत लागले आणि तिथेच राहिले. नोकरीभर त्यांनी गाड्यांचे डबे धुतले, झाडले. रिटायर झाल्यावर पासवर एकदा पुरीला जाऊन आले. समुद्र कसा होता विचारलं, तर म्हणाले की परतताना डब्यात सगळ्या सीटांखाली रेतीच रेती होती, झाडणाऱ्याचे हाल झाले असतील. पुढे कधीतरी माझ्या मोबाइलवर त्यांना एक फोटो दिसला. समुद्राच्या काठाने गेलेला लांबच लांब फळ्यांचा रस्ता. “हे काय होय, बेटा? वाच ना.” लेख इंग्रजीत होता. मी वाचून हिंदीत सांगितलं. मराठी मला सगळी समजते, लिहिताही येते, कारण लिहिताना खोडता येतं. पण बोलायला गेले की तोंडातून हिंदीच निघते. अमेरिकेतल्या एका गावी फिरायला आलेले लोक पायांनी वाळू आणायचे, ती गाड्यांत आणि हॉटेलांत साचायची. म्हणून तिथल्या एका रेल्वे कंडक्टरने एका हॉटेलवाल्याच्या साथीने वाळूवर फळ्या टाकायचं सुचवलं... एवढं ऐकून मोठेबाबा खुर्चीतून उठलेच. रेल्वेवाल्याने, तेही डबा स्वच्छ राहावा म्हणून!

मग ते मला रोज काहीतरी वाचायला लावू लागले. इंग्लंडमध्ये बोटीतून उतरता यावं म्हणून समुद्रात दूरवर धक्के बांधले होते. बोट नसतानाही लोक त्यांवर फिरायला येऊ लागले. मग दारावर तिकीट आलं, मग टोकाला बँड, नाचघर, पाळणे. वादळात ते मोडायचे, कधी आगीत जळायचे, आणि बरेचसे पुन्हा उभे राहायचे. “म्हंजे तिकीट काढाचं अन् जाचं कुठीच नाही,” मोठेबाबा म्हणाले. “आपल्या रेल्वेले सुचलं नाही हे.”

संध्याकाळी तेलीबांध्याच्या तलावाकाठी ते हेच सांगत फिरायचे. भुट्टेवाल्याला, जॉगिंग करणाऱ्यांना, कुणालाही हात धरून थांबवायचे. ऑफिसच्या मैत्रिणींसोबत मी तिथे गेले आणि दुरून त्यांचा आवाज आला, की मी सगळ्यांना तलावाच्या दुसऱ्या बाजूला वळवायची. त्यांच्यासोबत फिरणारे गजभिये काका त्यांना रोज छेडायचे. कंडक्टर तिकीट फाडते का रस्ते बांधते, तुह्या पोट्टीनं तुले बनवलं, असं. मोठेबाबा घरी येऊन मला म्हणायचे की एकदा चल, तू सांगितलं तर तो मानेल. मी मोबाइलमधून मान वर न करता म्हणायची, “हाँ बड़े पापा, संडे को.” असे पुष्कळ रविवार गेले. मग एका सकाळी ऑफिसात बाबांचा फोन आला की मोठेबाबा झोपेतून उठलेच नाहीत.

विहारात शेवटी गजभिये काका उठले. म्हणाले, माणूस सोन्यासारखा, फक्त फेकायचा लई. “रेल्वेवाल्यानं समुद्रावर रस्ता बांधला म्हणे. पण भाऊ, त्याची ती फेकाफेकी आयकल्याशिवाय मले जेवण जात नव्हतं.” सगळे हसले, प्रेमानेच हसले. मोठी आईसुद्धा पदराआडून हसली. आणि मला कळलं की आता हे असंच राहणार. या घरात, या पाऱ्यात मोठेबाबा म्हणजे गोड थापा मारणारा माणूस. त्या थापा नव्हत्या, हे माहीत असणारी तिथे मी एकटीच होते.

आणखी कुणी बोलणार का, असं विचारलं गेलं. मी उभी राहिले. बाबांनी चमकून पाहिलं. हिंदीतली वाक्यं तोंडाशी तयार होती, ती मी गिळली.

“मोठेबाबा फेकत नव्हते, काका. तो... तो रेल्वेवालाच होता. डब्यात रेती येत होती म्हणून. मीच वाचून दाखवलं होतं त्यांले. तुमच्यासमोर येऊन सांग म्हणे मले. मीच नाही आली.”